विषाणू पेशीचा 'ताबा घेतो' म्हणजे नक्की काय करतो?

दावण | सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. मी शेतकरी. सहा गाई, एक म्हैस, दूध डेअरीला घालतो. मागच्या पावसाळ्यात वस्तीवर लाळ-खुरकूत आली आणि माझ्या दोन गाई सापडल्या. तोंडात फोड, तार लागलेली लाळ, खुरांच्या बेचकीत जखमा. वाचल्या दोघी, पण दूध जे आटलं ते अजून पहिल्यासारखं आलेलं नाही.

तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले होते, "विषाणू म्हणजे नुसती चिठ्ठी आणि वर पाकीट. त्याला स्वतःची चूल नाही. गाईच्या पेशीत शिरतो, ताबा घेतो आणि तिच्याकडूनच आपली प्रथिनं करून घेतो." मुलगी बारावी सायन्सला आहे, तिच्या वहीतही हेच वाक्य सापडलं, 'विषाणू पेशीचा ताबा घेतो'. मार्क एक.

मला हे 'ताबा' काही पचत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर किती कागद आणि किती हेलपाटे लागतात ते आपल्याला ठाऊक आहे. इथे एक चिठ्ठी आत जाते आणि अख्ख्या पेशीचा ताबा? गिरणी दुसऱ्याची, रांगेत लोकांचे डबे आधीच लागलेले, यात नवा माणूस आपला डबा पुढे सरकवतो कसा? पहिलं दळण कोण घालून देतं? कुणाला माहीत असेल तर साध्या भाषेत सांगा. मुलगी इंग्रजीतलं वाचून सांगते, पण तिलाही नीट उलगडत नाही.

टवाळ कार्टं | सोमवार, रात्री ९.५२

पहिला नंबर माझा! उत्तर माहीत नाही, पण सातबाऱ्याची उपमा जमलीय. बसतो शेंगदाणे घेऊन.

पिपेटबहाद्दर | सोमवार, रात्री ११.१५

दावणदादा, प्रश्न अगदी वर्मावर आहे. 'ताबा घेतो' हे वाक्य मीही परीक्षेत लिहिलंय, आणि पुढची काही वर्षं प्रयोगशाळेत त्यातल्या 'घेतो'चा अर्थ शोधण्यात गेली. तुमची गिरणीच पुढे चालवतो.

आधी पेशीचा रोजचा कारभार. केंद्रकात डीएनएवरून चिठ्ठी उतरवली जाते, तिला एमआरएनए म्हणतात. बाहेर पाठवण्याआधी तिच्या सुरुवातीच्या टोकाला एक रासायनिक टोपी चढवतात. हे मी सजवून सांगत नाही, शास्त्रातही तिला 'कॅप'च म्हणतात. गिरणी म्हणजे रायबोसोम. त्याचे जात्यासारखे दोन भाग, एक लहान, एक मोठा, आणि काम नसताना दोन्ही सुटे असतात. पेशीत असे लाखो.

टोपी ओळखून धरणारं एक प्रथिन आहे, ईआयएफ-४-ई. त्याला जोडलेलं एक लांबलचक प्रथिन, ईआयएफ-४-जी. याचं काम निव्वळ मध्यस्थाचं: एका टोकाने टोपीवाल्याला धरायचं, दुसऱ्या बाजूने रायबोसोमचा लहान भाग ओढून आणायचा. तो लहान भाग टोपीपाशी चिठ्ठीवर चढतो आणि पुढे सरकत सरकत 'एयूजी' ही तीन अक्षरं शोधतो. ती सापडली की मोठा भाग येऊन बसतो आणि दळण सुरू. हे सरकत जाण्याचं चित्र मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये मांडलं, आणि पेशीच्या बहुतेक चिठ्ठ्यांना ते लागू पडतं.

आता तुमच्या गाईंचा विषाणू. त्याची चिठ्ठी साधारण साडेआठ हजार अक्षरांची, आणि तिला टोपीच नाही! टोपी चढते केंद्रकात, हा विषाणू तिकडे फिरकतही नाही. टोपीच्या जागी एक चिमुकलं प्रथिन चिकटवलेलं असतं. पेशीत मुळातच काही लाख टोपीवाल्या चिठ्ठ्या फिरतायत, त्यात ही एकटी बोडकी. नियमाने हिला कुणी हातात घेऊ नये. तरी घेतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. जेवून येतो, मग पुढचं.

टवाळ कार्टं | सोमवार, रात्री ११.२१

रात्री सव्वाअकराला जेवण? संशोधक असल्याचा पुरावा मिळाला.

बाकी टोपी नसताना सगळ्या पेशीला टोपी घातली म्हणजे कमालच.

मास्तरीणबाई | मंगळवार, सकाळी ७.०५

वाखूसा (वाचनखूण साठवली आहे). अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि ते एक मार्काचं वाक्य आमच्याच पापाचं आहे. पिपेटबहाद्दर, पुढचं लवकर लिहा. एक शंका आधीच नोंदवून ठेवते. लहान भाग टोकापासून सरकत पहिलं एयूजी शोधतो म्हणालात. पोलिओच्या आरएनएत खऱ्या सुरुवातीच्या आधी बरीच खोटी एयूजी आहेत असं वाचल्याचं आठवतं. मग तो तिथेच का अडकत नाही?

पिपेटबहाद्दर | मंगळवार, दुपारी १.३०

बाई, तुम्ही थेट १९८८ सालात नेऊन सोडलंत.

पोलिओ आणि लाळ-खुरकूत एकाच कुळातले, पिकॉर्ना विषाणू. पोलिओची चिठ्ठी साडेसात हजार अक्षरांच्या आसपास. तिच्या सुरुवातीची सुमारे ७४० अक्षरं प्रथिन म्हणून वाचलीच जात नाहीत, आणि त्या पट्ट्यात अर्ध्या डझनाहून जास्त एयूजी पेरलेली आहेत. टोकापासून सरकत येणारा रायबोसोम पहिल्याच खोट्या एयूजीला फसायला हवा. त्यामुळे लोकांना शंका होतीच की हा टोकाकडून येतच नसावा.

१९८८ मध्ये दोन गटांनी हे दाखवून दिलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पेलेटियर आणि सोनेनबर्ग यांनी पोलिओवर, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकला विमर यांच्या गटाने पोलिओच्याच एका भाऊबंदावर. युक्ती बघा. एकाच चिठ्ठीवर दोन मजकूर लिहिले. पहिला टोपीला लागून, दुसरा त्याच्या मागे, आणि दोघांच्या मधे पोलिओचा तो पट्टा. साध्या पेशीत दोन्ही प्रथिनं तयार झाली. पोलिओची लागण झालेल्या पेशीत पहिलं बंद पडलं, दुसरं मात्र चालू राहिलं. म्हणजे रायबोसोम टोकाकडून न येता थेट मधे उतरत होता.

त्या पट्ट्याला आयरेस म्हणतात. आरएनएची दोरी स्वतःभोवती वळून गाठी आणि फास घालते, आणि त्या घडीला एक ठराविक आकार येतो. ईआयएफ-४-जी हे मध्यस्थ प्रथिन त्या आकारालाच येऊन चिकटतं. टोपी नको, टोपीवाला नको. दावणदादा, तुमच्या गिरणीला मागचं दार आहे आणि त्याची किल्ली चिठ्ठीवरच कोरलेली आहे.

नर्मदेकाठचा | मंगळवार, दुपारी २.१०

शंकेखोर म्हणून सगळे ओळखतातच, तर विचारतो. दोन मजकुरांच्या प्रयोगात ती लांब चिठ्ठी मधेच तुटून दुसरा मजकूर सुटा झाला असेल, आणि तो साध्या मार्गाने वाचला गेला असेल, असं का नाही?

पिपेटबहाद्दर | मंगळवार, दुपारी २.४५

हा आक्षेप तुमच्या आधी खुद्द कोझॅकबाईंनी जोरात घेतलाय, आणि पेशीच्या स्वतःच्या जनुकांत सापडलेल्या म्हणवल्या गेलेल्या कित्येक आयरेसच्या बाबतीत तो रास्त होता. तिथला वाद अजून मिटलेला नाही, आणि माझं मत विचाराल तर त्यातले बरेच दावे टिकणार नाहीत.

पिकॉर्ना विषाणूंच्या बाबतीत मात्र मला शंका उरलेली नाही. १९९५ मध्ये चेन आणि सार्नो यांनी आरएनएची बांगडी केली. दोन्ही टोकं जोडून टाकली. बांगडीला टोकच नसेल तर टोकाकडून चढणार कसं? तरी आयरेस घातलेल्या बांगडीवरून प्रथिन तयार झालं, आणि आयरेस काढल्यावर झालं नाही.

दावण | मंगळवार, रात्री ८.२०

वाचून काढलं सगळं, मुलगीही शेजारी बसून होती. आता आमचा दोघांचा प्रश्न. मागचं दार उघडलं, ठीक. पण पुढच्या दारात काही लाख डब्यांची रांग तशीच आहे ना? एक चिठ्ठी मागून आत गेली म्हणून 'ताबा' कसा होईल?

गुरांचा डॉक्टर | मंगळवार, रात्री १०.००

इथे मला बोलू द्या, कारण हा भाग आमच्या रोग्यांचा आहे. (पशुवैद्यक, नोकरीची बावीस वर्षं झाली. मोटरसायकल आणि थंडपेटी यांच्याशी लग्न लागल्यासारखं आहे.)

लाळ-खुरकूतीचा विषाणू सगळी प्रथिनं एकाच लांब साखळीत काढतो आणि मग तिचे तुकडे पाडतो. त्या साखळीत सगळ्यात आधी काय तयार होतं? पाकिटाचं प्रथिन नाही, नकला काढणारं यंत्रही नाही. आधी येते कात्री. तिचं नाव 'एल' प्रोटीएज. बाहेर येताच ती स्वतःला साखळीपासून कापून मोकळी होते आणि पेशीच्या ईआयएफ-४-जीवर पडते. त्याचे दोन तुकडे करते.

दावणभाऊ, ट्रॅक्टरची ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. ईआयएफ-४-जी म्हणजे मधली जोडणी. एका बाजूला टोपीवाला, दुसऱ्या बाजूला रायबोसोम ओढणारा भाग. कात्रीने पिन काढली. आता टोपीवाला टोपी धरून जागेवर उभा राहतो, त्याच्यामागे काहीच येत नाही. पुढच्या दाराची रांग तिथल्या तिथे ठप्प. आणि पिकॉर्नाच्या आयरेसला काय लागतं? ईआयएफ-४-जीचा फक्त मागचा तुकडा, रायबोसोम ओढणारा. तो शाबूत असतो. म्हणजे गिरणी बंद पडत नाही, फक्त पुढचं दार बंद होतं.

पोलिओही हेच करतो, फक्त त्याची कात्री वेगळी (टू-ए), आणि ती साखळीत पाकिटाच्या प्रथिनांनंतर येते. पेशीचं स्वतःचं प्रथिन उत्पादन पहिल्या दोन-तीन तासांतच बहुतांश बसतं.

मास्तरीणबाई | मंगळवार, रात्री १०.३०

म्हणजे ताबा घेण्याचा क्षण दाखवता येतो! वर्गात सांगणार. पण कोंबडी आधी की अंडं? पहिली कात्री बनवायची तर आधी दळण मिळायला हवं, आणि तेव्हा तर रांग चालूच असते.

पिपेटबहाद्दर | मंगळवार, रात्री ११.५०

बरोबर. विषाणूच्या पाकिटातून कात्री येत नाही. पहिल्या फेरीला त्या बोडक्या चिठ्ठीला चालू कारभारातच आपली जागा मिळवावी लागते. आयरेसला कात्रीशिवायही काम जमतं, फक्त स्पर्धा असते. थोड्याशाच कात्र्या तयार झाल्या तरी पुरतात, कारण एक कात्री एकामागून एक कितीतरी जोडण्या कापते. दर कापागणिक पुढची रांग मंदावते, मागचं दार मोकळं होतं, आणखी कात्र्या तयार होतात. ताबा एका झटक्यात मिळत नाही, तो चढत जातो.

आणि टोपीच्या जागी चिकटलेलं ते प्रथिन आठवतंय? पोलिओत ते उतरवायला विषाणूने काही आणलेलं नसतं. पेशीचं स्वतःचं एक एन्झाइम ती गाठ सोडतं. ते कोणतं हे २०१२ मध्ये कळलं: टीडीपी-२. याची मूळ नेमणूक डीएनएच्या दुरुस्तीवर आहे. घरच्या सुतारानेच चोराला कडी काढून दिली.

अवांतर: नावांवर जाऊ नका. पोलिओचं 'टू-ए' कात्री आहे, पण लाळ-खुरकूतीचं 'टू-ए' अवघं १८ अमिनो आम्लांचं. त्याच्यापाशी आला की रायबोसोम एक जोड घालायचाच सोडून देतो आणि पुढे चालू लागतो. साखळी आपोआप तुटते. ही खोड इतकी सोयीची आहे की एकाच चिठ्ठीवरून दोन सुटी प्रथिनं काढायला जगभरच्या प्रयोगशाळा अशा जातीचे तुकडे वापरतात. आमच्या फ्रीजमध्येही आहेत.

संत्र्याचं गाव | बुधवार, सकाळी ९.१५

नागपूरकर हजर. आमच्या नावाचा विषाणू कुणी काढला नाही म्हणून वाईट वाटलं. चांदीपुरा! १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेच्या लोकांना सापडला. वाळूमाशीतून पसरतो, लहान पोरांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आपल्याकडे आणि आंध्रात, २०२४ मध्ये गुजरातेत धुमाकूळ घातला. तोही मागच्याच दाराने जातो का?

पिपेटबहाद्दर | बुधवार, दुपारी १२.४०

नाही, आणि प्रश्न चांगल्या वेळी आला. चांदीपुराची चिठ्ठी उलटी लिहिलेली असते, आरशातल्यासारखी. रायबोसोमच्या हातात दिली तरी तिचा काही उपयोग नाही. पोलिओचा नुसता आरएनए, पाकीट वगैरे काढून, पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीसच हे दाखवलं गेलं होतं. चांदीपुराच्या नुसत्या आरएनएने काहीही होणार नाही.

म्हणून हा येताना यंत्र सोबत घेऊन येतो. 'एल' नावाचंच, पण गाईच्या विषाणूच्या कात्रीशी याचा काही संबंध नाही, हे अवाढव्य प्रथिन आहे. ते उलट्या चिठ्ठीवरून सुलट्या चिठ्ठ्या काढतं, आणि काढता काढता त्यांना टोपीही स्वतःच चढवतं. पेशीपेक्षा वेगळ्या रासायनिक रीतीने चढवलेली, पण दिसायला तीच टोपी. म्हणजे हा पुढच्या दाराने, गणवेशात जातो. याच्या कुळातल्या सगळ्यात अभ्यासलेल्या भावात, व्हीएसव्हीत, आणखी एक डाव आहे: त्याचं एक प्रथिन केंद्रकाच्या दारात बसून पेशीच्या चिठ्ठ्या बाहेरच येऊ देत नाही.

गुरांचा डॉक्टर | बुधवार, दुपारी १.०५

व्हीएसव्ही निघालाच आहे तर: अमेरिका खंडात तो गुरांना होतो, आणि तोंडातले फोड, लाळ, खुरांच्या जखमा बघून लाळ-खुरकूतीपासून डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही. एक खूण मात्र आहे. त्याच गोठ्यातल्या घोड्यालाही फोड आले तर लाळ-खुरकूत नव्हे, ती घोड्याला होत नाही. एक मागच्या दाराने जाणारा, एक पुढच्या, आणि गाईच्या तोंडात दोघांची सही सारखीच.

टवाळ कार्टं | बुधवार, दुपारी १.३०

आणि जो टोप्या चोरतो तो कोण? मागे कुठेतरी वाचलं होतं, तेव्हा मला वाटलं वार्ताहराने फेकलीय.

पिपेटबहाद्दर | बुधवार, दुपारी २.००

फ्लू. अजिबात फेकलेलं नाही. तो केंद्रकात शिरतो, पेशीच्या ताज्या चिठ्ठ्यांची टोपी पकडतो आणि टोपीसकट दहा-तेरा अक्षरांचा शेंडा छाटून घेतो. त्याच शेंड्यापुढे आपला मजकूर लिहितो. म्हणजे प्रत्येक फ्लूच्या चिठ्ठीच्या डोक्यावर कुणा तरी गरीब पेशी-जनुकाचं मुंडकं असतं. ही छाटणारी सुरी बोथट करणारं औषध आहे, बॅलोक्सॅव्हिर, जपानमध्ये २०१८ पासून वापरात.

करोना स्वतःची टोपी स्वतः करतो, आणि त्याचं पहिलंच प्रथिन रायबोसोमच्या लहान भागात चिठ्ठी जिथून जाते त्या बोगद्यात बूच मारतं. त्याच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांच्या सुरुवातीला एक गाठ असते, त्यामुळे त्या तेवढ्या वाचतात.

पण माझा लाडका विचाराल तर रातकिड्यांना लुळं पाडणारा विषाणू, ऑस्ट्रेलियातल्या रातकिड्यांत सापडलेला. त्याच्या चिठ्ठीवर दोन दारं आहेत. त्यातल्या दुसऱ्या दाराला टोपी नको, मध्यस्थ नको, सुरुवातीचं कुठलंच मदतनीस प्रथिन नको. आरएनएच टीआरएनएचं (रायबोसोमला अमिनो आम्लं आणून देणाऱ्या हमालाचं) सोंग घेऊन रायबोसोमच्या खोबणीत बसतो, आणि प्रथिन मेथिओनीनऐवजी अ‍ॅलनीनपासून सुरू होतं. बाई, 'प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनीनने होते' हे वाक्य वहीत असेल तर तेही खोडा.

मास्तरीणबाई | बुधवार, रात्री ९.००

खोडलं. आता बोर्डाचं पुस्तक कुणी खोडायचं ते सांगा.

नर्मदेकाठचा | बुधवार, रात्री ९.२५

हे सगळं वाचायला मजा आली, पण गोठ्यात आणि दवाखान्यात याचा उपयोग काय? लस तर हे माहीत नसतानाही होती.

पिपेटबहाद्दर | बुधवार, रात्री ११.३०

होती, आणि ती का चालते हे नंतर कळलं. आपण पोरांना पाजलेले पोलिओचे दोन थेंब म्हणजे सेबिन यांची जिवंत लस. तिच्यात तीन प्रकारचे विषाणू होते, आणि तिन्हींच्या आयरेसमध्ये, त्याच एका फासाच्या परिसरात, एकेक अक्षर बदललेलं निघालं. पहिल्या प्रकारात ४८० वं, दुसऱ्यात ४८१ वं, तिसऱ्यात ४७२ वं. मागच्या दाराची किल्ली किंचित वाकडी. आतड्यात निभतं, मज्जापेशीत दार नीट उघडत नाही. लस दुबळी असण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक.

पण एका अक्षराची दुरुस्ती विषाणूला फार जड नाही. लस घेतलेल्या पोराच्या आतड्यात तिसऱ्या प्रकाराचं ते अक्षर काही दिवसांतच मूळपदावर येतं. लसीकरण भरपूर असेल तर बिघडत नाही. जिथे ते तोकडं पडतं तिथे असे सुधारलेले विषाणू पसरत राहून पुन्हा लुळेपणा आणू शकतात. भारतातला मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये जगभर लसीतून दुसरा प्रकार काढला गेला, तो याच भीतीपोटी. पुढे दुसऱ्या प्रकाराची नवी लस आली. तिच्यात तो फासच नव्याने रचलाय, एक अक्षर बदलून किल्ली सरळ होऊ नये असा. २०२० च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली. १९८८ च्या त्या दोन मजकुरांच्या चिठ्ठीचा हाच उपयोग.

गुरांचा डॉक्टर | गुरुवार, सकाळी ६.४०

आमच्याकडची लस मेलेल्या विषाणूची, ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार, दर सहा महिन्यांनी. पण कात्रीबद्दल एक राहिलं. 'एल' काढून टाकलेला विषाणू बनवून गाईंना देऊन पाहिला गेला, तर तो फारच मवाळ निघाला. कारण कात्री नुसती जागा मोकळी करत नाही. लागण झाली की पेशी इंटरफेरॉन तयार करून शेजारच्या पेशींना हाक देते. इंटरफेरॉनची चिठ्ठी टोपीवाली. पुढचं दार बंद, म्हणजे हाकही बंद. वस्तीवर आठवड्यात सगळे गोठे का लोळतात, त्यातलं एक कारण हे.

दावण | गुरुवार, रात्री ८.१०

पोरीचा प्रश्न जसाच्या तसा लिहितो: "पेशीची सगळी प्रथिनं बनायची बंद झाली तर रायबोसोमला लागणारी मदतनीस प्रथिनंही बनायची बंद. मग विषाणू स्वतःच उपाशी मरायला नको का?"

पिपेटबहाद्दर | गुरुवार, रात्री १०.५५

तिला सांगा, हा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मला हवी आहे. पेशीने आधी बनवून ठेवलेली प्रथिनं लगेच संपत नाहीत. रायबोसोम तर कित्येक दिवस टिकतात. पोलिओची पूर्ण फेरी सहा-आठ तासांत आटोपते, लाळ-खुरकूतीचीही काही तासांतच. कणगीत महिन्याचं धान्य आहे आणि पाहुणा एका रात्रीचा. त्याला पेरणीची फिकीर कशाला? जे विषाणू पेशीत वर्षानुवर्षं मुक्काम करतात ते असं दार तोडत नाहीत. हेपटायटिस-सी बघा, त्याच्याकडेही आयरेस आहे, पण तो ईआयएफ-४-जी कापत नाही.

दावण | गुरुवार, रात्री ११.१०

वाचून दाखवलं. तिने वहीत 'ताबा घेतो' खोडून बाजूला ट्रॉलीची पिन काढलीय, चित्र. मार्क मिळतील का ते बाई सांगतील.

उद्या सकाळी सातला आमचे डॉक्टर लाळ-खुरकूतीची लस टोचायला येणार आहेत. सगळी जनावरं दावणीला बांधून ठेवायला सांगितलंय. एक कालवड साडेचार महिन्यांची आहे, तिची पहिलीच वेळ, महिन्याने पुन्हा एकदा टोचावी लागेल म्हणाले. लाथा घालणार हे नक्की.